प्रकल्प नोंदी: सोळा व्हॉल्व्हचा कंट्रोलर आणि मॅक्रोंची झाडाझडती

३ जून २०२५, मंगळवार

बेंचवर सहा नंबरच्या व्हॉल्व्हची कॉइल आज पुन्हा तापलेली सापडली. बोट लावलं आणि चटका बसला. हे लॅचिंग सोलेनॉइड आहेत. ५० मिलिसेकंदांचा एक झटका दिला की व्हॉल्व्ह उघडतो, उलट्या दिशेचा दिला की बंद होतो, आणि मधल्या काळात कॉइलमधून काहीच वाहत नाही. ठिबकच्या बॅटरीवर चालणाऱ्या पेटीत म्हणूनच हे वापरतात. म्हणजे कॉइल कोमटसुद्धा लागता कामा नये. स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर चिपची पिन वर, म्हणजे चालू अवस्थेत, गेलेली आणि वरच अडकलेली. फर्मवेअरला (चिपमधल्या प्रोग्रॅमला) विचारलं तर त्याच्या मते पल्स केव्हाच संपलाय.

जुन्या चार व्हॉल्व्हच्या बोर्डावर हे कधीच झालं नाही. तो एटमेगा३२८पी या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपवर होता: ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. सोळा व्हॉल्व्हना पिना पुरेनात म्हणून एटमेगा२५६० घेतला: २५६ केबी फ्लॅश, ८ केबी रॅम. कोड तोच, हेडरमधली (सामाईक व्याख्यांच्या फाइलमधली) पिनांची नावं तेवढी बदलली. ‘नावं तेवढी बदलली’ हे मी स्वतःच साहेबांना मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं.

दिवस हार्डवेअरवर घालवला. ड्रायव्हरची चिप बदलली, वायरी बदलल्या, पॅनेलवाल्या मामांनी सगळी टर्मिनल पुन्हा आवळली. संध्याकाळी निघताना एक गोष्ट लक्षात आली. आतापर्यंत तापलेल्या कॉइलची वहीत नोंद आहे: ६, ९, ४, ६, १०. एकही चारच्या खाली नाही, एकही दहाच्या वर नाही. चार ते दहा हे सातही व्हॉल्व्ह पोर्ट एलवर आहेत (पोर्ट म्हणजे पिनांचा गट). बाकीचे पोर्ट ए आणि सीवर.

४ जून, बुधवार

सापडलं. हार्डवेअर निर्दोष सुटलं, मामांची माफी मागितली.

(नोंदीत कोडमधली नावं देवनागरीत, बोलतो तशीच लिहितोय. खरी नावं रेपॉझिटरीत आहेत.)

आमच्या पिना हलवणाऱ्या हेडरमध्ये एक मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये जसाच्या तसा चिकटवला जाणारा मजकूर) आहे: पिन_ऑन(पोर्ट, बिट), आणि त्याचा विस्तार ((पोर्ट) |= (१ << (बिट))). कंस नीट आहेत, काही वावगं दिसत नाही. वर कॉमेंट: ‘एकाच सूचनेत होतं, इंटरप्ट बंद करायची गरज नाही.’ (इंटरप्ट म्हणजे चालू काम मध्येच थांबवून आधी दुसरं करायला लावणारा इशारा.) जुन्या बोर्डावर ही कॉमेंट अक्षरशः खरी होती. तिथे सगळं पोर्ट बीवर होतं. पोर्ट बीचा आयओ पत्ता ५, आणि एव्हीआरमध्ये (या दोन्ही चिपांच्या घराण्यात) ० ते ३१ या आयओ पत्त्यांवरचा एखादा बिट वर करायला खास सूचना आहे, एसबीआय. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आटोपशीर करणं) चालू असेल आणि पोर्ट-बिट दोन्ही स्थिर असतील तर जीसीसी हा आमचा कंपायलर त्या |= चं एक एसबीआय करून टाकतो. दोन सायकल, मध्ये कुणी घुसू शकत नाही.

२५६० मध्ये एच, जे, के आणि एल ही पोर्टं त्या बत्तीसच्या बाहेर आहेत. पोर्ट एलचा पत्ता हेक्स १०बी. तिथे एसबीआय पोचतच नाही. लिस्टिंग (कंपायलरने तयार केलेल्या सूचनांची यादी) उघडली तर त्याच मॅक्रोच्या, त्याच ओळीच्या तीन सूचना झालेल्या: एलडीएसने पोर्ट वाचा, ओआरआयने बिट लावा, एसटीएसने परत लिहा. दोन, एक आणि दोन, मिळून पाच सायकल.

आता प्रसंग असा. मुख्य लूप पोर्ट एलच्या सातव्या बिटवरचा स्टेटस दिवा लावायला निघतो. पोर्ट वाचतो, त्यात सहा नंबरच्या व्हॉल्व्हचा बिट १ आहे कारण पल्स चालू आहे. तेवढ्यात टायमरचा इंटरप्ट येतो, ५० मिलिसेकंद झाले म्हणून व्हॉल्व्हचा बिट ० करतो, ‘संपला’ अशी नोंद करतो आणि निघून जातो. मुख्य लूपला याचा पत्ता नाही. त्याच्या हातातल्या रजिस्टरमध्ये अजून जुनंच चित्र आहे. तो दिव्याचा बिट लावतो आणि ते जुनं चित्र पोर्टवर परत लिहितो. व्हॉल्व्ह पुन्हा चालू, आणि बंद करणारा आता कुणी उरला नाही.

१६ मेगाहर्ट्झला एक सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची. एवढ्याशा फटीत इंटरप्ट दिवसातून पाच-सहा वेळा कसा सापडतो, हे आधी पटेना. मग आठवलं की पल्स चालू असताना दिवा मुद्दाम ५० मिलिसेकंदांनी लुकलुकवतो, आणि तो ठोकाही त्याच टायमरचा. दोघं एकाच वेळी दाराशी येतात.

पोर्टचं रजिस्टर व्होलाटाइल म्हणून जाहीर केलंय ना, मग कसं झालं, असं टीममधल्या नव्या मुलीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच जणांचा हाच गैरसमज असतो. व्होलाटाइलचा अर्थ एवढाच की कंपायलरने वाचणं-लिहिणं गाळायचं नाही. ते मध्ये न तुटता होईल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तात्पुरतं दिव्याच्या दोन ओळींभोवती इंटरप्ट बंद-चालू केलं. रात्रभर टेस्ट लावली.

६ जून, शुक्रवार

दोन रात्रीत एकही कॉइल तापली नाही. आता कायमचा इलाज.

त्या नव्या मुलीचं म्हणणं, ‘सर, मॅक्रोच्या आतच ॲटॉमिक ब्लॉक टाकला तर? हेडरमधली एक ओळ बदलायची.’ (ॲटॉमिक ब्लॉक म्हणजे आतला कोड चालू असेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवणारा तुकडा.) करून बघ म्हटलं. बिल्ड लगेच फुटलं. आमच्या जुन्या कोडमध्ये बऱ्याच जागी ‘चालू ? पिन_ऑन(...) : पिन_ऑफ(...)’ असं लिहिलंय. जुना मॅक्रो एक्स्प्रेशन (किंमत देणारी पदावली) होता म्हणून तो तिथे बसत होता. ॲटॉमिक ब्लॉक हे स्टेटमेंट (स्वतंत्र विधान) आहे, प्रश्नचिन्हाच्या पोटात मावत नाही. फंक्शन मात्र तिथे बिनतक्रार बसतं, दोन्ही बाजूंना व्हॉइड (काहीच परत न देणारं) असलं तरी चालतं.

या निमित्तानं एव्हीआर-लिबसी या सी लायब्ररीतल्या ॲटॉमिक ब्लॉकची व्याख्या दोघांनी बसून वाचली. फारच देखणी आहे. बाहेरून तो मॅक्रो, आत एक फॉर लूप जो बरोबर एकदाच फिरतो. लूपच्या सुरुवातीला स्टेटस रजिस्टरची (इंटरप्ट चालू की बंद हे त्यात असतं) प्रत ठेवणारं एक चल जाहीर होतं आणि त्यावर जीसीसीचा ‘क्लीनअप’ ॲट्रिब्यूट असतो. म्हणजे ब्लॉकमधून कसेही बाहेर पडा, अगदी मधूनच रिटर्न करा, बाहेर पडताना कंपायलर ठरलेलं फंक्शन हाकतो आणि इंटरप्टची मूळ स्थिती परत येते. आणि ती क्लीनअपची फंक्शनं? स्टॅटिक इनलाइन, म्हणजे त्या फाइलपुरती आणि वापराच्या जागीच आत घालता येणारी. ज्याला मागे कंसाचा ब्लॉक जोडून घ्यायचाय त्याला मॅक्रो होण्यावाचून इलाज नाही, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्या मूल्यांना प्रकार असलेलं फंक्शन. ज्यानं हे लिहिलं त्याला एक कटिंग चहा.

माझा कौल: पिन_ऑन आणि पिन_ऑफ फंक्शन होणार. ‘मॅक्रो जलद असतो’ हे कारण मी कॉलेजपासून ऐकतोय आणि लिस्टिंगमध्ये मला ते एकदाही दिसलेलं नाही. मॅक्रो हा मजकूर चिकटवतो. चिकटवलेल्या मजकुराचं काय करायचं ते शेवटी तोच कंपायलर ठरवतो जो इनलाइन फंक्शनचंही ठरवतो.

९ जून, सोमवार

पिन_ऑनची पहिली आवृत्ती: स्टॅटिक, इनलाइन, वर ‘ऑल्वेज इनलाइन’चा ॲट्रिब्यूट. एक पॅरामीटर पोर्टचा पॉइंटर, दुसरा बिट क्रमांक. आत एक जर-तर. पोर्टचा पत्ता हेक्स ४०च्या खाली असेल तर साधं |=, नाहीतर तेच ॲटॉमिक ब्लॉकच्या आत. (आयओ पत्ता ० ते ३१ म्हणजे मेमरीच्या हिशेबात हेक्स २० ते ३एफ. हा बत्तीसचा फरक विसरून मी आधी हेक्स २० लिहिलं होतं. मग पोर्ट एसुद्धा संरक्षित शाखेत जायला लागलं. चूक सुरक्षित बाजूला पडली हे नशीब.)

रिलीज बिल्डची (ऑप्टिमायझेशन चालू असलेल्या आवृत्तीची) लिस्टिंग बघून समाधान वाटलं. पोर्ट एच्या जागी फक्त एक एसबीआय. जर-तरचा मागमूस नाही, तुलना नाही, पॉइंटर नाही. पत्ता स्थिर असल्यामुळे कंपायलरने शाखा तिथल्या तिथे निवडली. पोर्ट एलच्या जागी सहा सूचना: स्टेटस रजिस्टर वाचा, इंटरप्ट बंद, वाचा, बिट लावा, लिहा, स्टेटस परत. एकूण ८ सायकल, म्हणजे बरोबर ५०० नॅनोसेकंद. आमच्या टायमरचा ठोका एक मिलिसेकंदाचा आहे, त्याला हे काहीच नाही.

दुपारी तिनं डीबग बिल्डची लिस्टिंग माझ्यासमोर ठेवली. ऑप्टिमायझेशन शून्य. ‘सर, इथे पोर्ट ए एका सूचनेत होत नाहीये.’ मी पाहतच राहिलो. ऑल्वेज इनलाइन असल्यामुळे फंक्शन शून्य पातळीलाही आत घातलं जातं, पण पत्ता स्थिर आहे हे त्या पातळीला कंपायलर पुढे नेत नाही. त्यामुळे जर-तर खरोखर चालताना तपासलं जातं. पत्ता ४०च्या खाली, म्हणून बिनसंरक्षित शाखा. आणि तिथे एसबीआय नाहीच, कारण एसबीआय ही ऑप्टिमायझेशनची मेहेरबानी आहे, भाषेचं वचन नव्हे. म्हणजे मी बग पोर्ट एलवरून उचलून पोर्ट एवर नेऊन ठेवला होता, तोही फक्त डीबग बिल्डमध्ये, जिथे तो शोधताना माझे केस पिकले असते.

उपाय जीसीसीतच आहे: बिल्टिन_कॉन्स्टंट_पी. दिलेली गोष्ट कंपाइल करतानाच माहीत आहे का, हे ते सांगतं. फंक्शनच्या पॅरामीटरला ते विचारलं तर ऑप्टिमायझेशनशिवाय ते कधीच ‘हो’ म्हणत नाही. नेमकं तेच हवं होतं. आता अट अशी: पत्ता स्थिर, बिट स्थिर आणि पत्ता ४०च्या खाली, तरच उघडी वाट; शंका आली की ॲटॉमिक. व्हॉल्व्हच्या टेबलातून पॉइंटर घेऊन लूपमध्ये पिन हलवणारी एक जागा आहे, तीही आपोआप सुरक्षित शाखेत गेली. तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा, निम्मं ऑफिस सुट्टीवर. चांगलं झालं, शांतता होती.

डीबग बिल्ड लिंक होईना. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, आणि नाव त्याच फंक्शनचं जे हेडरमध्ये ढळढळीत लिहिलंय. रिलीज बिल्ड मात्र सुरळीत. तिनं नवीन फंक्शनला नुसतं इनलाइन लिहिलं होतं, स्टॅटिक राहून गेलं. सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) च्या नियमाने नुसत्या इनलाइनचा अर्थ: ही व्याख्या आत घालण्यापुरती, बाहेरून हाक मारता येईल अशी खरी प्रत दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये असेल. रिलीजमध्ये कंपायलरने सगळीकडे आत घातलं, खरी प्रत लागलीच नाही. डीबगमध्ये लागली आणि ती कुठेच नव्हती.

गंमत म्हणजे जीसीसीच्या जुन्या, सी९९ पूर्वीच्या पद्धतीत नुसत्या इनलाइनची खरी प्रत तयार व्हायची, आणि ‘एक्स्टर्न इनलाइन’ची व्हायची नाही. सी९९ मध्ये बरोबर उलटं. २०१५ साली जीसीसी ५ ने मूळ पद्धत बदलून सी११ वर आणली तेव्हा जुन्या कोडची अशी बरीच भांडी आपटली. मिझ्रा सी २०१२ या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमावलीचा नियम ८.१० म्हणतो, इनलाइन फंक्शन स्टॅटिकच हवं. मिझ्राच्या काही नियमांवर माझं पटत नाही, यावर पटतं. हेडरमध्ये ‘इनलाइन’ शोधून जिथे आधी ‘स्टॅटिक’ नाही तिथे बिल्ड थांबवणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली.

१२ जून, गुरुवार

पिना झाल्या, म्हणून हेडरमधले बाकीचे मॅक्रो चाळायला घेतले आणि सहा महिने छळणारं एक कोडं सुटलं.

दाबाचा आकडा ५१२ वर छाटायचा असतो. कोड: मिन(दाब_वाच(), ५१२), मिन म्हणजे दोनांतला लहान. तरी लॉगमध्ये कधी ५१५, कधी ५१९. ‘नॉइज असेल’ म्हणून सोडून दिलं होतं. पण छाटल्यानंतर नॉइज कुठून येणार, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही.

मॅक्रोची व्याख्या ((अ) < (ब) ? (अ) : (ब)). अ दोनदा आहे. म्हणजे दाब_वाच दोनदा. पहिल्या वाचनात ५११ आलं, अट खरी ठरली, आणि मग उत्तर म्हणून दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा ५१९. तुलना एका वाचनाशी, उत्तर दुसऱ्याचं. शिवाय एडीसीचं (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाचं) घड्याळ १२५ किलोहर्ट्झवर, एका रूपांतराला १३ ठोके, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद प्रत्येक वेळी फुकट. कंस कितीही घाला, याला उपाय नाही.

इनलाइन फंक्शनमध्ये आर्ग्युमेंट एकदाच मोजलं जातं, प्रश्न मिटला. पण फंक्शनला प्रकार ठरवून द्यावा लागतो. आम्हाला बिनचिन्ही (उणे न होणारा) सोळा-बिटी हवा आणि तापमानासाठी चिन्ही सोळा-बिटी. जीसीसीच्या टाइपऑफने (दिलेल्या मूल्याचा प्रकार काढून देणाऱ्या शब्दाने) एकदाच मोजणारा मॅक्रो लिहिता येतो, आणि टाइपऑफ आता सी२३ मध्ये अधिकृतही झालाय. पण दोन प्रकारांसाठी दोन फंक्शनं, नावातच प्रकार, हे मला जास्त बरं वाटतं. पंचवीस प्रकार असते तर वेगळा विचार केला असता.

इथे मॅक्रोच्या बाजूनं एक साक्ष नोंदवतो, नाहीतर अन्याय होईल. तिनं चुकून तापमान, उणे ३, बिनचिन्ही मिनला दिलं. ते ६५,५३३ झालं आणि कंपायलर गप्प. जुना मॅक्रो असता तर उत्तर तसंच चुकलं असतं, पण आम्ही लावतो त्या कंपायलरच्या ‘एक्स्ट्रा’ इशाऱ्यांमध्ये चिन्ही-बिनचिन्ही तुलनेचा इशारा आला असता, कारण तुलना तिथेच, त्या प्रकारांमध्ये झाली असती. फंक्शनच्या दारातच प्रकार बदलून गेला, आत तुलना निर्मळ. यासाठी रूपांतराचा इशारा वेगळा चालू करावा लागतो. केला. स्क्रीनभर पिवळं. उद्या आणि परवा त्यातच जाणार.

१६ जून, सोमवार

सगळेच मॅक्रो जाणार नाहीत. काय राहतंय ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी उत्साहात तेही बदलेल.

ॲरेतले घटक मोजणारा मॅक्रो राहणार. तिनं त्याचं फंक्शन करून पाहिलं. फंक्शनमध्ये ॲरे गेला की पॉइंटर होतो, एव्हीआरवर पॉइंटर २ बाइटचा, आमच्या टेबलाची एक ओळ ४ बाइटची. २ भागिले ४, पूर्णांकात शून्य. लूप एकदाही फिरला नाही, सोळा व्हॉल्व्ह ढिम्म. बिचारीनं वायरिंग तपासायला घेतलं होतं.

लॉगचा मॅक्रो राहणार. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक हवा तर तो हाक मारणाऱ्याच्या जागी उलगडायला हवा. फंक्शनमध्ये टाकला तर दरवेळी त्या फंक्शनचीच ओळ छापेल. शिवाय रिलीजमध्ये लॉग बंद असतो तेव्हा आर्ग्युमेंटसकट सगळं नाहीसं व्हायला हवं.

व्हॉल्व्हची यादी, जी एकदाच लिहून तिच्यातून ईनम (क्रमांकांना दिलेली नावं), टेबल आणि नावांच्या स्ट्रिंग अशा तीन गोष्टी पाडतो, ती मॅक्रोतच. शब्द जोडणं आणि शब्दाची स्ट्रिंग करणं हे फक्त प्रीप्रोसेसरला (मॅक्रो उलगडणाऱ्या टप्प्याला) येतं. केस लेबल, ग्लोबल ॲरेचा आकार, स्टॅटिक चलाचं पहिलं मूल्य इथेही फंक्शन चालत नाही. सी२३ ने कॉन्स्टएक्स्प्र (कंपाइल करतानाच ठरणारं मूल्य) आणलंय, पण ते फक्त चलांसाठी, फंक्शनला नाही.

बिटचा मॅक्रो, (१ << (बिट)), यावर अर्धा तास वाद झाला. तो स्थिर मूल्यांत लागतो म्हणून काढता येत नाही. पण सोळावा व्हॉल्व्ह म्हणजे बिट १५, आणि एव्हीआरवर इंट सोळा बिटचा. १ << १५ चिन्हाच्या बिटवर पडतो, संख्या उणे होते, आणि ती ३२ बिटच्या मास्कमध्ये (कोणते बिट निवडायचे ते सांगणाऱ्या संख्येत) गेली की वरचे सोळाही बिट १ होतात. पीसीवरच्या टेस्टमध्ये हे दिसत नाही, तिथे इंट बत्तीसचा आहे. तडजोड: मॅक्रो राहिला, १ च्या जागी बिनचिन्ही १ आला, आणि चालत्या कोडमध्ये वापरायला सोळा-बिटी मास्क देणारं वेगळं फंक्शन.

आणि उशीर घालणारं फंक्शन. एव्हीआर-लिबसीचं डिले दिसायला फंक्शन आहे, तेही ऑल्वेज इनलाइन, पण त्याला आकडा कंपाइल करतानाच माहीत लागतो. ईईप्रॉममधून (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून) वाचलेला वेळ दिला की ‘कंपाइल-टाइम पूर्णांक हवा’ म्हणून एरर. दिसतं फंक्शन, वागतं मॅक्रोसारखं. असल्या जातीचे प्राणीही असतात.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात, रस्ते बंद, सगळे घरून. बोर्ड ऑफिसात, त्यामुळे नुसत्या लिस्टिंग वाचल्या.

फ्लॅश का फुगला ते सापडलं. इनलाइनची चटक लागल्यावर आम्ही मॉडबस या यंत्रांच्या संवादपद्धतीचा सीआरसी (संदेश बिघडला का ते ओळखणारा आकडा) काढणाऱ्या फंक्शनलाही ऑल्वेज इनलाइन लावलं होतं. त्यात लूप आहे, आणि ते अकरा जागी वापरलंय. अकरा लूप. ॲट्रिब्यूट काढला, हेडरमधून उचलून साध्या फाइलमध्ये ठेवलं. एका बाइटला आरएस-४८५ च्या तारेवरून यायला लागतो त्या वेळेपुढे एका कॉलच्या, जाऊन-येऊन, दहाएक सायकल म्हणजे धूळ. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लेखनशैलीच्या दस्तऐवजात यावर एक आख्खा भाग आहे, त्यात याला इनलाइनचा रोगच म्हटलंय, आणि ढोबळ नियम दिलाय की तीन ओळींपेक्षा मोठ्याला इनलाइन लावू नका. त्याच दस्तऐवजात फंक्शनसारख्या मॅक्रोपेक्षा इनलाइन फंक्शन बरं असंही आहे. मी आमच्या हेडरलाही तीनच ओळींची मर्यादा घातली. पिन_ऑन पाच ओळींचा आहे. त्याला माफी.

कर्नलचाच विषय निघालाय तर: २०२४ मध्ये तिथल्या मिन-मॅक्स मॅक्रोंचं प्रकरण गाजलं. प्रकार तपासणारे, एकदाच मोजणारे, स्थिर मूल्यांतही चालणारे असे ते करत नेले, आणि एकात एक मिन घातला की विस्तार गुणाकाराने वाढत जायचा. झेनच्या (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीच्या) सेटअप कोडमधली एक ओळ उलगडल्यावर ४७ एमबी झाली होती. आमचा आख्खा प्रकल्प तेवढा नाही. हे चॅटवर टाकल्यावर तिनं पालखीचा फोटो पाठवला, ‘सर, आज सुट्टी घ्या.’

२४ जून, मंगळवार

सोळाही व्हॉल्व्ह, सेकंदाला एक पल्स, ७२ तास. २,५९,२०० पल्स. तापलेल्या कॉइल शून्य. दिव्याभोवतीची तात्पुरती ठिगळं काढून टाकल्यावरची ही टेस्ट आहे, म्हणजे श्रेय पिन_ऑनचंच.

बिल्डच्या शेवटी लिस्टिंग तपासणारी स्क्रिप्ट जोडली. पोर्ट एच ते एलच्या पत्त्यांवर एसटीएस दिसला आणि त्याआधीच्या पाच सूचनांत इंटरप्ट बंद केलेले नसतील तर बिल्ड नापास. इंटरप्टच्या स्वतःच्या कोडला सूट, तिथे दुसरा इंटरप्ट येतच नाही. ओबडधोबड आहे, पण कालच तिनं एक पकडलं: बझरची पिन, कुणीतरी सरळ |= लिहिलेली, ना मॅक्रो ना फंक्शन.

जुन्या बोर्डाचा कोड ज्यांनी लिहिला त्या सरांना फोन केला. निवृत्त होऊन गावी आंब्याची कलमं लावतात. सगळं सांगितलं, म्हटलं, सर, तुमच्या त्या कॉमेंटनं तीन आठवडे खाल्ले. ते शांतपणे म्हणाले, ‘अरे, पण मी तिथे लिहिलं होतं की, पत्ता एकतीसच्या आत असेल तरच.’

फोन ठेवून गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) इतिहास काढला. कॉमेंट मुळात दोन ओळींची होती. दुसरी ओळ खरंच तीच. २०२२ च्या मार्चमध्ये ‘हेडरची साफसफाई, फालतू कॉमेंट काढल्या’ या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) ती गेली. कमिट माझी.